थोरल्या विहिरीची चावी

मला सटाण्याला जायचं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला धाडसी वगैरे समजायला नको. मी जन्माची भित्री. घाट आला की डोळे मिटते, लिफ्टमध्ये एकटी चढत नाही, आणि गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या जिन्यावरून परत वर जाते. आमच्या कॉलनीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. मैत्रिणी म्हणतात, हिला कॉम्प्युटरचं काम मिळालं ते बरं झालं, फार तर खुर्चीवरून पडेल. पण त्या खुर्चीवर बसून केलेल्या कामापायीच मी बागलाणातल्या, म्हणजे सटाण्याकडच्याच, एका विहिरीच्या काठाशी जाऊन उभी राहिले, आणि आता परत येऊनही तिथून पुरती हललेले नाही. लिहून काढलं तर कदाचित हलेन.

नाशिक, निघण्याआधी

आमचं ऑफिस म्हणजे सातपूरचा एक गाळा. तिथे आम्ही डबे बनवायचो. मोबाइल तेव्हा नुकते खेडोपाडी पोचले होते, आणि शेतीची लाइट कधी येईल, कधी जाईल याचा नेम नव्हता. मोटार सुरू करायला माणसाने अवेळी मळ्यात जायचं, वाटेत साप-विंचू, आणि पोचेपर्यंत लाइट गेलेली. त्यावर हा डबा. स्टार्टरशेजारी भिंतीवर लावायचा, आत एक सिमकार्ड, घरून फोन केला की मोटार सुरू. लोकांना डबा फार आवडला. मला तो पहिल्या दिवसापासून भेसूर वाटायचा. मोटारीपाशी उभ्या असलेल्या माणसाला विहीर दिसते. घरी खाटेवर बसून फोन लावणाऱ्याला काय दिसतं?

एकदा सिन्नरकडच्या एका गावात, एका मोटारीसाठी आलेला हुकूम डब्याने भलत्याच मोटारीला दिला. ती कोरडी फिरून जळाली, इतकंच. ऑफिसात सगळे हळहळले आणि चहा प्यायला गेले. मला चहा गेला नाही. त्या विहिरीत कुणी उतरलेलं असतं तर, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

मुंबईला एम.टेक. करताना आमचे एक सर मोडल टाइप नावाचा विषय शिकवायचे. वर्गात आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. प्रोग्रॅमच्या भाषेत साधा टाइप एवढंच सांगतो की ही वस्तू काय आहे: हा आकडा, हे नाव, हे हो किंवा नाही. मोडल टाइप त्यापुढे जाऊन विचारतो, हे खरं आहे, पण कुठे? सगळीकडे, की इथेच? समजा आईने तिच्या घरून फोनवर सांगितलं की दूध उतू चाललंय. मी काही माझ्या गॅसकडे धावत नाही. तिचं दूध तिच्या ओट्यावर. माणसाला हे शिकवावं लागत नाही. प्रोग्रॅमला लागतं, कारण त्याच्या लेखी दूध म्हणजे दूध. सरांचा विषय फळ्यावरच राहणारा होता, त्याची भाषा करून कुणी कामाला लावली असेल असं मी तरी ऐकलं नव्हतं. मला मात्र तो ऐकताना जन्मात पहिल्यांदा वाटलं की माझ्या स्वभावाचा कुणीतरी अभ्यास केलाय.

सिन्नरच्या त्या प्रकारानंतर मी ऑफिसचं काम सांभाळून एक छोटी भाषा बनवायला घेतली. तिच्यात प्रत्येक माहितीला ती कुठली आहे याची खूण असते. या डब्याची माहिती त्या डब्यापाशी वापरायला गेलात की प्रोग्रॅम तयारच होत नाही. तपासणी सगळी माझ्या टेबलावर, डब्यात जाण्याआधी होते, आणि मग खुणा पुसल्या जातात. डब्यातल्या इवल्याशा चिपवर काही भार पडत नाही. ऐकायला छान आहे. करायला मात्र नाकी नऊ आले. जुन्या प्रोग्रॅमच्या ओळीओळीला खुणा लावायच्या, आणि एक खूण चुकली की माझा कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम तपासून चिपच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, असं काही लांबलचक भांडण काढायचा की मलाच कळायचं नाही त्याचं म्हणणं काय आहे. ऑफिसातली मुलं म्हणायची, ही भाषा पण मॅडमसारखीच, दाराबाहेर पाऊल टाकायला घाबरते.

शेवटी साहेबांनी सटाण्याकडच्या एका घरचे दोन डबे माझ्या भाषेत करायला परवानगी दिली. दोन भाऊ, दोन विहिरी. प्रत्येक विहिरीच्या काठावर लोखंडी खांब, त्यात एक चावी, आणि खांबापासून डब्यापर्यंत तार. विहिरीत उतरणाऱ्याने चावी काढून खिशात टाकायची. चावी खांबात नसेल तर डब्याने मोटार सुरू करायचीच नाही, कुणाचाही फोन येवो. आणि हा नियम मोडणारा प्रोग्रॅम माझ्या भाषेत लिहिताच येत नाही, हे मी कागदावर सिद्ध केलं होतं. हंगाम संपत आल्यावर साहेब म्हणाले, "एकदा जाऊन डोळ्यांनी बघून या. सगळं ठीक असेल तर इथून पुढचे सगळे डबे तुमच्या भाषेत." मी हो म्हटलं, आणि घरी येऊन बॅग तीनदा भरून रिकामी केली.

एस.टी.तून

बरोबर शिरसाठ होता. हा मूळचा सिन्नरचा, आमचा डबे बसवणारा माणूस, आणि जुने प्रोग्रॅमही त्याच्याच हातचे. सटाण्याचे डबे त्यानेच बसवले होते. गाडी सुटल्यापासून त्याने मला सोडलं नाही.

"मॅडम, तुमचा कंपायलर म्हंजी सासूबाई हाय. काय बी करा, नाय म्हणतो."

"सासूबाई नाही म्हणतात तेव्हा कारण सांगतात का? हा सांगतो."

"सांगतो, पण काय सांगतो ते त्यालाच ठाऊक. मी सहा ओळी लिहिल्या तर त्यानं पानभर सुनावलं मला. लय मनाला लागलं."

त्याचं खोटं नव्हतं. मी तिथेच कबूल केलं की परत गेल्यावर आधी ते भांडण साध्या भाषेत आणते. काम करणाऱ्याला कळलं नाही तर तो खुणा गुंडाळून जुन्या वाटेने जाणार, मग माझी सिद्धता घेऊन काय पूजा करायची?

चांदवडला गाडी बराच वेळ उभी राहिली. बाजार समितीकडे निघालेले कांद्याचे ट्रॅक्टर एकामागे एक, आणि हवेत तो उग्र वास. मला कांद्याचा वास आवडतो, पण ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या अशा कलत्या भरलेल्या की एस.टी.च्या खिडकीतून हात घातला तर कांदा हाती लागेल. मी खिडकीपासून सरकून बसले. शिरसाठ ते पाहून हसला. देवळ्याच्या अलीकडच्या घाटात ड्रायव्हर वळणावर कुणाशी तरी मागे वळून बोलत होता. त्या घाटाचं वर्णन वाचकांनी दुसऱ्या कुणाकडून तरी घ्यावं, मी डोळे उघडले तेव्हा खाली सपाटी होती, डाळिंबाच्या बागा होत्या आणि लांबवर सुळके उभे होते.

आप्पांच्या घरी

थोरले भाऊ आप्पा गावात राहतात, धाकटा दिलीप मळ्यात. आम्ही आधी आप्पांकडे गेलो. साठीच्या आसपासचा उंच माणूस, गुडघा दुखरा, बोलणं थोडं. आल्याआल्या पाणी, मग कोरा चहा, आणि चहा संपतो न संपतो तोच ताट. आमच्या नाशिकच्या घरी पाहुण्याला जेवायचं आहे का विचारतात. तिथे विचारणं हाच अपमान. बाजरीची भाकरी, शेवभाजी आणि तळलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड. आमच्या आमटीत गुळाचा खडा असतो, त्या शेवभाजीच्या रश्श्यात फक्त आग होती. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तशी आप्पांनी स्वतः उठून दह्याची वाटी पुढे सरकवली.

"तिखट लागनं का ताई? हळूहळू खा."

जेवताना मी डब्याचं विचारलं. आप्पा म्हणाले, डबा बेस शे, काही तक्रार नाही. फक्त या खेपेला मोटार पाणी कमी फेकते.

"कुठली मोटार? धाकट्या विहिरीची?" आमच्या ऑफिसातल्या माहितीप्रमाणे आप्पांचा डबा धाकट्या विहिरीचा होता.

"नही. थोरलीनी. या आठवडामा थोरली मनी शे."

मग कळलं ते असं. थोरल्या विहिरीला पाणी भरपूर, धाकटीला जेमतेम. म्हणून वडील गेल्यापासून दोघा भावांत पाळी. एक आठवडा थोरली आप्पांना आणि धाकटी दिलीपला, पुढच्या आठवड्यात उलट. दर सोमवारी बदल. आम्हाला डबे बसवताना हे कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही समजून चाललो, थोरली दिलीपची आणि धाकटी आप्पांची. डबे बसवले तो आठवडा तसा होता.

माझ्या मनात कुठेतरी खुट्ट झालं. आप्पांचा फोन फक्त आप्पांच्या डब्याला लागतो. एकाने दुसऱ्याची मोटार सुरू करू नये म्हणून आम्हीच तसं बांधून टाकलं होतं, माझ्या भाषेत तर अगदी पक्कं. मग पाळी बदलल्यावर आप्पा थोरलीची मोटार सुरू करतात कशी? मी विचारणार होते. पण आप्पा म्हणाले, "त्याले सांगा, पानी कमी येस म्हनीसन," आणि हात धुवायला उठले. 'त्याले' म्हणजे दिलीपला. मी म्हटलं, तुम्ही नाही सांगत? तर आप्पांनी खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसले आणि ओसरीवर जाऊन बसले.

बाहेर पडल्यावर शिरसाठ म्हणाला, "बोलत नाय एकमेकांशी. बांधावरनं झालं काय तरी. डबा आल्यापासून तर बोलायचं कामच उरलं नाय. ज्याचा त्याचा फोन, ज्याचा त्याचा डबा." मला वाटलं, फोनच आपसात बदलत असतील कुणाच्या तरी हातून. तसं मी स्वतःला समजावलं, पण ते खुट्ट काही गेलं नाही.

मळ्यात

मुक्काम दिलीपच्या मळ्यात. दिलीप चाळिशीचा, बोलका, सारखा हसणारा. त्याची बायको कमल त्याच्याहून बोलकी. मला शहरात अंथरूण बदललं तरी झोप येत नाही, तिथे कमलने स्वतःची गोधडी दिली आणि मी गाढ झोपले. सकाळी उठून पाहते तर सगळा मळा हिरवागार, डाळिंबाला लाल कळ्या, आणि समोर मोटारीची खोली. एकाच खोलीत दोन स्टार्टर, दोन डबे शेजारीशेजारी. खोलीच्या या अंगाला थोरली विहीर, त्या अंगाला धाकटी.

मी थोरलीत डोकावले नाही. तशी कठड्यापर्यंत गेले, पण विहिरीचा तो गार श्वास तोंडावर आला आणि मागे फिरले. कठडा कसला, चार दगड.

चहा पिताना दिलीपने डब्याचं फार कौतुक केलं. पूर्वी विहिरीत उतरायचं तर दोन माणसं लागायची. एक जण उतरणार, दुसरा खोलीत जाऊन मेनचे तिन्ही फ्यूज काढणार आणि खालचा वर येईपर्यंत हातात धरून उभा राहणार. खिशात टाकायचे नाहीत, खाली ठेवायचे नाहीत, हातात. तशी रीतच. "मी खाले उतरू तवय आप्पा फ्यूज धरीसन उभा ऱ्हायेत," दिलीप म्हणाला. "आते त्यानी गरज नही. चावी काढी, खिसामा टाकी, झालं."

तो आनंदाने सांगत होता आणि मला आनंद व्हायला हवा होता. माझीच चावी, माझीच भाषा. पण मला त्यात एवढंच ऐकू आलं, की एका माणसाचं फ्यूज धरून उभं राहणं माझ्यामुळे बंद झालं.

मी आप्पांचा निरोप सांगितला, थोरलीची मोटार पाणी कमी फेकते. दिलीप उठला. कप खाली ठेवला, सदरा काढला, दोर घेतला आणि थोरलीकडे चालू लागला. मोटारीच्या जाळीत शेवाळ आणि गाळ अडकत असणार, पाण्यात उतरून हाताने काढायला लागतो. पाळी आप्पांची, पाणी आप्पांना कमी मिळतंय, आणि उतरणार हा. कमल मला हळूच म्हणाली, "आप्पाना गुडघा दुखस ना. दरसाल हाऊच उतरस. त्यासले सांगत नही."

दिलीपने थोरलीच्या खांबातली चावी काढली, मला दाखवली आणि हाफ पँटच्या खिशात टाकली. शिरसाठ काठावर दोर धरून उभा राहिला. मोटार पाण्यातली होती, तिच्या वायरला जागोजागी जुन्या चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या. ती सुरू झाली आणि एका पट्टीतून जरी करंट पाण्यात उतरला तरी पाण्यातला माणूस संपला. हे मला डब्यांच्या धंद्यात पडल्यापासून माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि एका हसऱ्या माणसाचं डोकं दगडांच्या खाली जाताना बघणं वेगळं.

मी कमलला म्हटलं, "कमलताई, फ्यूज काढा."

"काब्रं? चावी शे ना त्यासनापाशी."

"असू दे. तरी काढा."

काठावरून शिरसाठ ओरडला, "मॅडम, अहो तुमचाच प्रोग्रॅम, तुमचाच इश्वास नाय?"

मला खूप लाज वाटली. ज्या गोष्टीची मी कागदावर सिद्धता मांडली, तिच्यावर मी सगळ्यांसमोर अविश्वास दाखवत होते. पण भीतीपुढे मला लाज कधीच आवरता आलेली नाही. मी कमलचा दंड धरला आणि तिला जवळजवळ ओढत खोलीत नेलं. तिने हसत हसत मेन खाली ओढला, तिन्ही फ्यूज काढले, माझी समजूत घालायला माझ्याच ओंजळीत ठेवले आणि लाइट आली की कळावं म्हणून मेन पुन्हा वर केला. "ल्या. आते भ्याव वाटत नही ना?"

आम्ही तिथेच उभ्या राहिलो. थोरलीतून दिलीपचा आवाज घुमत येत होता, शिरसाठला काहीतरी सांगत होता. फ्यूज जड होते, चिनीमातीचे, गार. मेनच्या वर लाइट आल्याचे तीन छोटे दिवे असतात, ते आणि दोन्ही डबे फ्यूजच्या अलीकडून जोडलेले. बोलता बोलता ते तिन्ही लागले. कमल म्हणाली, लाइट आली. आणि त्यानंतर थोड्याच वेळात भिंतीवर खट्ट आवाज झाला.

आप्पांच्या डब्यावरचा हिरवा दिवा लागला होता. आप्पांनी गावातून फोन केला होता. डब्याने फोन ओळखला, चावी तपासली, ती जागेवर होती, आणि त्याने मोटार सुरू करायचा हुकूम सोडला. स्टार्टर हलला नाही, कारण फ्यूज माझ्या हातात होते.

मला आधी काही कळलंच नाही. आप्पांचा डबा धाकट्या विहिरीचा. दिलीप थोरलीत. म्हणजे धाकटीची मोटार सुरू झाली असती, काही बिघडलं नसतं. असं मी मनाशी म्हणत असतानाच मनातलं ते खुट्ट वर आलं. मी डब्याखालच्या तारांकडे बोट करून कमलला विचारलं, "ताई, या तारा कुठल्या मोटारीला जातात?"

"आते थोरलीले," ती म्हणाली. "आप्पानी पाळी शे ना. सोमवारले तारा बदलतस. ज्यानी पाळी त्याना डबाले थोरली."

डब्याशी नंबर बांधलेला, तो त्यांना बदलता येईना. एकमेकांना फोन देण्याइतकं बोलणं नाही. मग दर सोमवारी, ज्याला थोरली मिळते तो भाऊ आपला आपण येतो आणि स्टार्टरमधून निघालेल्या मोटारीच्या तारा अदलाबदल करून जातो. तीन तारा इकडच्या तिकडे, किती सोपं. आपला फोन, आपला डबा, फक्त विहीर बदलली. पण काठावरच्या चावीची तार कुणीच हलवली नव्हती, ती मोटारीची तार नव्हे ना. थोरलीची चावी अजून दिलीपच्याच डब्याला जोडलेली होती. दिलीपने ती खिशात टाकली तेव्हा त्याचा स्वतःचा डबा बंद झाला. तो उतरला होता त्या विहिरीची मोटार सुरू करणारा आप्पांचा डबा धाकटीच्या चावीकडे बघत होता, या चावीचा त्याला पत्ताच नव्हता.

माझ्या भाषेने काहीही चूक केली नव्हती. इथली माहिती इथेच वापरली. फक्त माझं 'इथे' म्हणजे डबा होता, आणि त्या घरात 'इथे' म्हणजे ज्याची पाळी त्याची विहीर.

कमलने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग हिरव्या दिव्याकडे, मग खोलीच्या दाराबाहेर थोरलीकडे. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. ती बाहेर पळाली आणि तिने नवऱ्याला अशी हाक मारली की शिरसाठने घाबरून दोरच ओढायला सुरुवात केली. मी जागची हलले नाही. मला वाटत होतं, मी हललेच तर हातातला एखादा फ्यूज आपोआप जागेवर जाऊन बसेल. इतकी मूर्ख भीती असते, पण असते.

दिलीप चिखलाने माखून वर आला, हातात शेवाळाचा गोळा, आणि खोलीच्या दारात उभा राहून हसला. "ताई, तुमना डबा एक नंबर शे. लाइट येई गयी, तरी मोटार हालनी नही."

शिरसाठ त्याच्यामागून आत आला होता. त्याने दिवा पाहिला, तारा पाहिल्या आणि त्याचा चेहरा उतरला. माझ्या कानाशी लागून म्हणाला, "मॅडम, आत्ता नका सांगू. आधी साहेबांना कळवू. तुमचं येवढं काम हाय." त्याच्या मनात खोट नव्हती, तो माझ्याच काळजीने बोलत होता. गप्प बसले असते तर पुढचे सगळे डबे माझ्या भाषेत झाले असते. पण मला पुढचा सोमवार दिसत होता, आणि त्याच्या पुढचा. मी सांगून टाकलं. सरळ सांगता आलं नाही, मधेमधे रडू येत होतं, पण सांगितलं. दिलीपचं हसू हळूहळू गेलं. तो तिथेच उंबऱ्यावर बसला आणि खिशातली चावी काढून नुसती बघत राहिला.

नाशिकला परतल्यावर मी साहेबांपुढे हेच सगळं मांडलं. माझी भाषा रद्द झाली नाही, पण सगळे डबेही तिच्यात झाले नाहीत. आता तिच्यात जागा म्हणजे डबा नाही, विहीर. आणि कुठली तार कुठल्या विहिरीला गेली हे डब्याला आपलं आपण कळू शकत नाही, म्हणून दर वेळी काठावरच्या माणसाने बटण दाबल्याशिवाय गावातल्या फोनला मोटार दाद देत नाही. साहेब म्हणाले, मग डबा घेईल कोण? थोडे लोक घेतात. बाकीचे जुनाच मागतात. त्यांच्या विहिरींचा विचार आला की माझी अजून झोप उडते, आणि त्यावर मला उपाय सापडलेला नाही.

त्या दिवशी मळ्यात, दिलीप अजून उंबऱ्यावरच बसलेला असताना, आप्पा मोटारसायकलवरून आले. फोन करूनही बागेत पाणी आलं नाही, म्हणून चिडून आले होते. खोलीशी आमचा घोळका पाहून गाडी उभी केली. मी पुन्हा सांगायला लागले, तेव्हा दिलीपने मला हाताने थांबवलं. आप्पांनी त्याचं चिखलाने भरलेलं अंग पाहिलं, थोरलीच्या काठावर पडलेला ओला दोर पाहिला, आणि भिंतीवरचा आपला डबा पाहिला. हिरवा दिवा अजून तसाच होता.

"तू खाले व्हता?" आप्पांनी विचारलं.

दिलीप मान खाली घालून म्हणाला, "जाळीमा गाळ व्हता. पानी कमी येस म्हने तुम्हले."

आप्पांनी भिंतीचा आधार घेतला आणि खाली बसले. ते दिलीपच्या चिखलाने भरलेल्या पायांकडे बघत राहिले. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं.

मग आप्पा म्हणाले, "जेवना का?"

"नही अजून."

"मंग ऊठ. अंग धू." आणि कमलकडे न बघताच म्हणाले, "दोन ताटं कर. मी बी जेवाना शे."

कमल घरात गेली. आम्ही बाहेर ओट्यावर बसलो. आतून भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला, आणि त्याच्याबरोबरच तिचं रडणंही. ती थांबली नाही. रडत रडत भाकरी थापत राहिली.